पातळ का घट्ट?

नाही पण तुम्हीच सांगा, एवढ्याशा गाडीत तेल घालायचं, म्हणजे इंजिनात हो, फोडणीत नाही, फोडणीच्या बाबतीत मी कुणाला विचारत नाही… तर एवढ्याशा कामासाठी माणसानं किती जणांची तोंडं बघायची? आणि बघितली तर बघितली, त्यातल्या दोघांनी तरी एकसारखं सांगावं की नाही? आमच्या परभणीत पत्ता विचारला तर चौघं चार रस्ते दाखवतात, कबूल, पण शेवटी पोचवतात तरी त्याच घरी! इथं घरच वेगळं! एक म्हणतो पातळ टाका, दुसरा म्हणतो घट्ट टाका, तिसरा म्हणतो मधलं टाका, आणि मी आपला उघड्या बॉनेटसमोर उभा, कीर्तनातल्या टाळकऱ्यासारखा, मान डोलवत… पातळ का घट्ट? सकाळी ब्रशवर पेस्ट घेतली तरी मनात हेच. पातळ का घट्ट?

थांबा, पहिल्यापासून सांगतो. गाडी आमची नाही. म्हणजे आमचीच, पण राजेश्रीची. राजेश्री म्हणजे आमच्या मिसेस. पिंगळीच्या शाळेत शिक्षिका होत्या. गाडी हवी म्हणाली तीच, चाळिशी उलटल्यावर शिकली तीच, सेकंडहँड, चॉकलेटी रंगाची, छोटीशी गाडी शोधून आणली तीच. रोज परभणी ते पिंगळी, पिंगळी ते परभणी. वाटेत ज्यानं हात केला तो आत. एकदा तर एका आजीबाईंची शेळीसुद्धा मागच्या सीटवर बसून आलेली मी डोळ्यांनी बघितलीय, आणि शेळी खिडकीतून अशी बघत होती, जशी काही शाळा तपासायला निघालेली केंद्रप्रमुख! मी? मी डावीकडे. लायसन आहे माझ्याकडं, नाही असं नाही, पण ते लग्नातल्या शालूसारखं, कपाटात घडी घालून ठेवलेलं.

आमच्या घरात वाटणी एकदम साफ होती. गाडी तिची, गॅस माझा. हसा, हसा… मी कृषी विद्यापीठात अन्नतंत्राच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, जन्म गेला पाक, जॅम आणि मुरांबे ढवळण्यात. तिला स्वयंपाकाचा कंटाळा. तिच्या हातची भाजी म्हणजे, आता काय सांगू, आमची आईसुद्धा ‘लय छान झाली बाई’ म्हणून हळूच लोणच्याची बरणी जवळ ओढायची. पण मी रव्याच्या लाडवाचा पाक करायला घेतला की ही शाळेची पर्स खांद्यावर तशीच ठेवून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची आणि दर वेळी, अहो, न चुकता दर वेळी, विचारायची, “काय हो, पातळ का घट्ट?” मी चिमटीत थेंब धरून तार बघायचो आणि सांगायचो, “अजून पातळ.” दोन मिनिटं झाली की परत, “आता? पातळ का घट्ट?” म्हटलं, अगं, एकदा शिकून तर घे! तर म्हणायची, “तुम्ही असताना मी कशाला शिकू?” आणि गाडीबद्दल मी तिला नेमकं हेच म्हणायचो.

तर, गेल्या वर्षी मार्गशीर्षात ती गेली.

असो. तर सांगत काय होतो? गाडी.

आम्ही लिंगायत. आमच्यात दहन नसतं. वालूरला आमचं शेत आहे, तिथं विहिरीच्या अंगाला तिची समाधी आहे. वर्षाच्या दिवशी तिथं जायचं, फूल-विभूती वाहायची, प्रसाद वाटायचा. आता आमच्या आईनं, म्हणजे चन्नबसम्मानं, आम्ही तिला आव्वा म्हणतो, वय ऐंशीच्या पुढं, नजर अधू, आवाज मात्र शाबूत… तिनं दिवाळीतच हुकूम काढला. “शिवा, वर्साला मी यष्टीनं येनार न्हाई. जीपनं बी येनार न्हाई. माज्या सुनंच्या गाडीत बसून सुनंकडं जानार. न्हाईतर तुमी जा, मी हितंच बसते.” झालं! आव्वाचा हुकूम म्हणजे निजामाचं फर्मान, अपील नाही.

आणि गाडी तर वर्षभर पत्र्याखाली उभी! मी रविवारी चालू करायचो, कोपऱ्यापर्यंत न्यायचो, परत आणायचो, जसं काही म्हाताऱ्या माणसाला उन्हात फिरवून आणावं. म्हणून नेली महारुद्राकडं. महारुद्र म्हणजे कोपऱ्यावरचा मेकॅनिक. राजेश्रीचा नेहमीचा मेकॅनिक पिंगळीचा, तो गॅरेज बंद करून पुण्याला गेला, त्यामुळं गाडीची जुनी माहिती सांगणारं कुणीच नाही. महारुद्रानं बॉनेट उघडलं, तेल बघायची ती लांब पट्टी बाहेर ओढली, फडक्यानं पुसली, परत घातली, परत ओढली, आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखी मान हलवली.

“सर, ह्या ऑइलचं पानी झालंय. काळं किट्ट. हे घिऊन वालूरला निघालात तर अर्ध्या वाटंतच इंजन जाम व्हनार. आन् एकदा जाम झालं की मग गाडी फकस्त कोंबड्या बसवायला!”

म्हटलं, मग टाक बाबा नवीन. तर म्हणतो, “कोनतं टाकू?”

बघा! डॉक्टरनं पेशंटला विचारावं, कोणती गोळी देऊ! म्हटलं, तू कोणतं टाकतोस? “मी तर सगळ्याला वीस-डब्ल्यू-चाळीस टाकतो. आपल्याकडं ऊन लय. पन ही गाडी नव्या धर्तीची दिसायलीय, हिला पातळ बी लागत असंल. तुमीच ठरवा. मागून मला बोल नगं.” म्हणजे पातळ का घट्ट?

तिथंच आमचे शेजारी दत्तराव उभे. ट्रॅक्टरवाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, पण दत्तरावांना विचारावं लागतच नाही. “शिवप्रकाश, डोळं झाकून वीस-डब्ल्यू-पन्नास टाक! माज्या ट्रॅक्टरात हेच हाय. घट्ट! अरं, दूध घट्ट चांगलं, वरन घट्ट चांगलं, दोस्ती घट्ट चांगली, मंग तेलच कामून पातळ? पातळ म्हंजी पान्याचा धंदा!” गॅरेजात बसलेल्या चौघांनी माना डोलवल्या. आमच्याकडं हे असंच आहे बघा, घट्ट ते खरं. पातळ काही म्हटलं की लोकांना भेसळीचा वास येतो.

मग गेलो स्पेअर पार्टच्या दुकानात. बन्सीधरशेठ. ते म्हणाले, “सर, पंधरा-डब्ल्यू-चाळीस घ्या. मधलं. मधलं कधी चुकत नाही. आणि बघा, जर्मन टेक्नॉलॉजी! जगात जर्मनी, भारतात परभणी, डब्यात दोन्ही एकत्र, आणखी काय पायजे?” म्हटलं, शेठ, जरा उघडून दाखवता? त्यांनी सुट्ट्या विक्रीचा फोडलेला डबा पुढं केला. आता मी काय करावं? अहो, सवय! मी आपला सहज बोट बुडवलं, अंगठा लावला, चिमूट उघडली… आणि तार बघायला लागलो. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं, सगळी थांबली. शेठनं चष्मा वर केला. “सर… हे काय करायलात?”

“तार बघायलोय.”

“कशाची?”

म्हटलं, “एकतारी आहे.” शेठनं डबा हळूच मागं ओढला. मला वाटतं मी चाखतो की काय अशी त्यांना धास्ती बसली.

मग फोन लावला ऋतुजाला. ऋतुजा माझी मुलगी, पुण्याला नोकरी करते, आईसारखीच, सरळ मुद्द्यावर. “पप्पा, सोपंय हो. दोन आकडे असतात. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतला. तो जितका लहान, तितकं तेल गारठ्यात पातळ राहतं आणि सकाळी गाडी चालू केली की पटकन सगळीकडं पोचतं. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा. तो जितका मोठा, तितकं तेल तापल्यावरही घट्ट राहतं. कळलं?” म्हटलं, कळलं. म्हणजे आपल्याला पातळ का घट्ट? “पप्पा! कंपनीनं सांगितलंय ते! पुस्तक बघा गाडीचं.” म्हटलं, सेकंडहँड गाडी, पहिल्या मालकानं पुस्तक दिलंच नाही. “बरं, मी नेटवर बघते. कुठल्या सालचं मॉडेल आहे? इंजिन कुठलं?” मी म्हटलं, “चॉकलेटी.”

पलीकडून म्हणाली, “मी येते तेव्हा बघू.”

पण तुम्हाला सांगतो, पोरीचं बोलणं डोक्यात बसलं. कारण हा तर पाक की हो! कढईत उकळताना पाण्यासारखा दिसतो, आपण फसतो, आणि गार झाला की दगड. म्हणजे या तेलवाल्यांनी असा पाक शोधलाय, जो गारठला तरी फार घट्ट होत नाही आणि तापला तरी फार पातळ होत नाही! आमच्या विभागात असा माणूस आला असता तर आम्ही त्याला खांद्यावर घेऊन नाचलो असतो. आणि घट्ट ते चांगलं, हेही खरं नाही. दाट पाक चकलीच्या साच्यातून काढून बघा, येतो का! इंजिनात तर म्हणे त्याहून बारीक वाटा. तिथपर्यंत पोचायला तर पाहिजे.

आता डोक्यात बसलं म्हणजे प्रयोग आलाच. महारुद्राकडून तिन्ही तेलांचे नमुने आणले, स्टीलच्या सहा वाट्या घेतल्या, प्रत्येक तेलातलं अर्धं फ्रिजमध्ये दह्याशेजारी, म्हणजे परभणीचा डिसेंबर; अर्धं ओट्यावर गरम पाण्यात, म्हणजे परभणीचा मे. चमच्यानं थेंब सोडायचे, ताटात किती पळतात बघायचं. रंगलो होतो अगदी! तेवढ्यात विद्यापीठातून फोन आला, मी बाहेर गेलो, बोललो, परत येऊन बघतो तर ओट्यावरची एक वाटी गायब!

आणि देवघराच्या बाजूनं धूर! काळा! बस सुटल्यासारखा!

पळत गेलो. राजेश्रीच्या फोटोसमोर आव्वा बसलेली, दिव्यात वात, वातीला ज्योत, ज्योतीतून काजळीचा हा एवढा लोळ, फोटोच्या काचेवर थेट मिशीच उमटलेली, आणि आव्वा पदरानं धूर वारत वारत, “शिवा, ह्ये कसलं रं तेल आनलास? वातीला धरंना. धूरच लय!”

“आव्वा, ते गाडीचं आहे! वीस-डब्ल्यू-पन्नास!”

“मंग वाटीत कामून घातलास? वाटीत घातल्यावर मानूस काय समजंल?” बरोबरच आहे. मग आव्वानं फोटो जवळ घेतला, अधू डोळ्यांना चिकटवून बघितला आणि म्हणाली, “पन खूस झाली बग ती. तुज्या तुपाच्या दिव्याला येवडी हासली न्हवती.”

मी काच पुसायला घेतली. आणि खरंच हो… राजेश्री असती तर पोट धरून हसली असती. शाळेत जाऊन सांगितलं असतं, गाडीत बसवलेल्या प्रत्येक माणसाला सांगितलं असतं, शेळीला सांगितलं असतं.

बरं, आता तुम्ही म्हणाल, सर, एवढं सगळं कळलं होतं तर एक डबा घ्यायचा आणि ओतून मोकळं व्हायचं. आव्वा तेच म्हणायची. महारुद्र तेच म्हणायचा. मी म्हणायचो, थांबा, अजून एकाला विचारतो. गॅसवाल्याला विचारलं. रिक्षावाल्यांना विचारलं. केस कापणाऱ्याला विचारलं, तो म्हणाला, “सर, तुमच्या केसाला तर पातळच.” विचारत राहिलो. कारण असं बघा… ती तेल बदलून घ्यायची तेव्हा मेकॅनिकला हात लावू द्यायची नाही. पदर खोचायची, नरसाळं धरायची आणि डबा उचलून स्वतः ओतायची. मला घरी येऊन सांगायची, “आज गाडीला जेवू घातलं.” आता तिच्या हातची भाजी कुठं राहते वर्षभर? लोणचं माझ्या हातचं, पापड आव्वाच्या हातचे. तिच्या हातचं असं आमच्याकडं एकच शिल्लक होतं. ते इंजिनात होतं.

म्हणून आपला विचारत होतो. पातळ का घट्ट? जोवर ठरत नव्हतं तोवर बदलायचं नव्हतं.

पण वर्षाचा दिवस काय माझ्यासाठी थांबणार? आदल्या दिवशी ऋतुजा आली. गाडी महारुद्राच्या दारात. बॉनेट उघडं, त्यात चार डोकी. दत्तराव घट्टवर अडून, महारुद्र चाळीसवर, ऋतुजा मोबाइल घेऊन, “पप्पा, दोन इंजिनं होती या मॉडेलला, आपलं कुठलंय?” आणि मी, नेहमीचा, मधे. एवढ्यात आव्वा रिक्षातून उतरली. हातात विभूतीची डबी. “सरा बाजूला. नवं तेल घालायच्या आदी इभूती लावायची आसती. कुटनं घालतात रं तेल?”

महारुद्रानं इंजिनावरचं काळं गोल झाकण दाखवलं. त्यावर वर्षाची धूळ आणि तेलाचा थर. आव्वा भडकली. “ह्याच्यावर लावू इभूती? ह्या घानीवर?” आता आमच्यात काय आहे, विभूती लावायची जागा आधी स्वच्छ पुसायची, मग तीन बोटं ओढायची. माणसाचं कपाळ असो नाहीतर गाडीचं. महारुद्र फडकं शोधतोय तोवर आव्वानं धुतल्या लुगड्याचा पदरच घेतला आणि खसाखसा घासलं झाकण. घासलं, घासलं, बोटं फिरवली आणि म्हणाली, “शिवा, हितं हाताला कायतरी लागायलंय. लिव्हलेलं हाय का रं?”

आम्ही चौघं वाकलो.

झाकणावर, हे एवढ्या मोठ्या ठसठशीत अक्षरांत, कंपनीनंच कोरलेलं… पाच-डब्ल्यू-तीस!

अहो, महिनाभर! महिनाभर आम्ही त्याच झाकणावर हात टेकून भांडत होतो! दत्तरावांनी तर त्याच्यावर चहाचा कप ठेवला होता! महारुद्र म्हणाला, “आयला.” ऋतुजा म्हणाली, “पप्पा.” आव्वा म्हणाली, “पातळ निगालं का घट्ट?” म्हटलं, “पातळ, आव्वा.” दत्तराव म्हणाले, “कंपनीला आपल्याकडचं ऊन ठाव न्हाई.” हार नाही मानायची!

आव्वानं झाकणावर तीन बोटं ओढली. महारुद्र गाडीखाली गेला, नट सोडला आणि काळी धार लागली. मी बघत होतो. शेवटी शेवटी धार बारीक झाली, मग थेंब, मग थेंबही थांबून थांबून. ऋतुजानं माझा हात धरला होता. महारुद्रानं खालून विचारलं, “सर, हे जुनं टाकून देऊ?”

मी काही म्हणायच्या आत आव्वा ओरडली, “टाकतूस कशाला? समादीपाशी बेलाचं रोप लावलंय, त्येच्या कुंपनाच्या खुट्यांना वाळवी लागलीया. त्यास्नी फासू की.” आमच्याकडं लाकडाला वाळवीसाठी गाडीचं जुनं तेलच फासतात, त्यात नवीन काही नाही. पण मला ते सुचलं नव्हतं. वालूरला निघताना त्या जुन्या तेलाचा डबा मी मांडीवर घेऊन बसलो… म्हणजे तोवर बसलो, जोवर कळलं नाही की गाडी मलाच चालवायचीय.

नवीन तेल कुणी ओतलं विचारा. ऋतुजानं. ओढणी खोचली, नरसाळं धरलं, महारुद्राला म्हणाली, “दादा, तुम्ही हात लावू नका.” मी उगाच रस्त्यावरच्या रिक्षा बघत उभा राहिलो. खूप रिक्षा आहेत हो परभणीत.

तर दुसऱ्या दिवशी निघालो. भल्या सकाळी, असा गारठा की श्वासाची वाफ दिसावी, आणि एका चावीत गाडी चालू! आव्वा पुढं, डावीकडं, माझ्या जागेवर. वालूरपर्यंत इंजिन मांजरासारखं गुरगुरत गेलं. समाधीला फूल वाहिलं, विभूती लावली. मी आणि ऋतुजानं सगळ्या खुंट्यांना तेल फासलं. आव्वा म्हणाली, “आता काडा लाडू.”

मी डबा उघडला. रव्याचे लाडू, तिच्या आवडीचे, पहाटे उठून केलेले. आव्वानं एक उचलला, समाधीच्या दगडावर ठेवला.

टक्!

आव्वानं माझ्याकडं बघितलं. दुसरा ठेवला. टक्! दत्तराव आले होते मागून ट्रॅक्टर घेऊन, त्यांनी एक तोंडात घातला, काढला, नीट बघितला आणि म्हणाले, “हां! ह्ये खरं वीस-डब्ल्यू-पन्नास!”

अहो, जन्म गेला माझा पाकात! कधी चुकला नाही! ज्यासाठी अख्ख्या परभणीला विचारलं ते तेल बरोबर निघालं, आणि ज्या एका गोष्टीत मी कुणालाच विचारत नाही ती हुकली. आव्वा म्हणाली, “तार बगितली न्हाईस का रं?” तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. मी तार बघायचो कधी? ती दारात येऊन विचारायची तेव्हा! आज दारात कुणी आलंच नाही. मी आपला ढवळत राहिलो.

तेव्हापासून काय करतो, सांगतो. पाक ठेवला की मीच विचारतो. ओट्यासमोर उभा राहून, एकटाच, मोठ्यांदा, “काय हो, पातळ का घट्ट?” मग चिमटीत थेंब धरतो.

आणि देवघरातून आव्वा ओरडते, “झाकन पुसून बग!”